८० इंची जीपला कोणता गिअरबॉक्स?

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे वडिलांची १९६७ सालची महिंद्रा सीजे-३बी आहे, हाय बोनेट, पेट्रोल. कांद्याच्या गोण्यांपासून वऱ्हाडापर्यंत सगळं तिनं वाहिलं. पुढे इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. वडील आता नाहीत. गाडी पुन्हा चालती करायची असं आम्ही भावंडांनी ठरवलं आहे. भंगारातून २४९८ सीसीचं प्यूजो एक्सडी३पी डिझेल इंजिन घेतलं, त्याच्यासोबत त्याचा पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. दोन्ही एका टू-व्हील ड्राइव्ह महिंद्रातले. मिस्त्री म्हणतात, “पाच गिअरचाच टाकू, एमएम ५४० ला असे किती बसवलेत.” मित्राचं म्हणणं, हे सगळं सोडून थारचं कॉमन रेल डिझेल इंजिन गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) बसव. जुना तीन गिअरचा टी-९० आहे, पण उतारावर तो दुसऱ्या गिअरमधून सटकायचा. वापर म्हणाल तर शेत, पावसाळ्यात घाटघरमार्गे नाणेघाट, माळशेज, आणि अधूनमधून नाशिक हायवेने पुणं. कोणता गिअरबॉक्स घेऊ?
— जुन्नर तालुक्यातील एक वाचक

उत्तर:

नमस्कार. वडिलांची गाडी विकून न टाकता उभी करताय, याचा मनापासून आनंद झाला. हाय बोनेट जीपचे सुटे भाग अजून मिळतात, ती कळणारे मिस्त्रीही अजून आहेत. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही कमी होतील, तेव्हा वेळ योग्य आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. हातात आलेला पाच गिअरचा या जीपला लावू नका. थारच्या इंजिनाचा विचार सोडून द्या. फोर-बाय-फोर एमएम ५४० मधून निघालेला, चार गिअरचा आणि मागे जुनाच स्पायसर १८ ट्रान्सफर केस लागणारा गिअरबॉक्स शोधा. तो मिळाला नाही किंवा मापात बसला नाही, तर तुमचाच टी-९० पूर्ण उघडून नीट करून घ्या. गिअर किती आहेत हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न असा, की इंजिनामागे हा गिअरबॉक्स लावल्यावर मागच्या प्रोपेलर शाफ्टला (मागच्या अॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याला) किती लांबी उरते?

मिस्त्री खोटं बोलत नाहीत. एमएम ५४० ला पाच गिअरचा बसतो, आणि छान चालतो. पण एमएम ५४० चा व्हीलबेस ९१ इंच आहे आणि तुमच्या सीजे-३बीचा ८०. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११ इंचांनी कमी, आणि ही तूट इंजिन सोसत नाही, रेडिएटर सोसत नाही, ती सगळी मागच्या शाफ्टच्या वाट्याला येते. तीन गिअरचा टी-९० अतिशय आखूड असतो, म्हणूनच एवढ्याशा चेसिसमध्ये विलीजच्या लोकांना इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि वर हँडब्रेकचा ड्रम असं सगळं एका ओळीत बसवता आलं.

कागदावर एक गणित करून बघा. समजा तुमचा मागचा शाफ्ट क्रॉसपासून क्रॉसपर्यंत (दोन्ही टोकांच्या वळत्या सांध्यांमध्ये) २० इंच आहे, आणि ट्रान्सफर केसचा आउटपुट मागच्या डिफरन्शिअलच्या तोंडापेक्षा ५ इंच वर आहे. शाफ्टचा कोन सुमारे १४ अंश आला. आता गिअरबॉक्स ६ इंच लांब घ्या. शाफ्ट १४ इंचांचा राहिला, उंचीतला फरक तोच, आणि कोन २० अंशांच्या पुढे गेला. गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाचे हे आकडे आहेत. नाणेघाटाच्या वाटेवर मागचं चाक खड्ड्यात लटकलं की हाच कोन आणखी वाढतो. साधा क्रॉस जॉइंट रोजच्या चालण्यात १५ अंशांच्या आत असावा असं मी मानतो. त्याच्या वर गेला की आधी ४० च्या वेगाला फ्लोअरमधून गुणगुण येते, मग क्रॉसच्या सुया वाटीत खळ्या पाडतात, आणि शेवटी ट्रान्सफर केसच्या मागच्या बेअरिंगचं सील गळायला लागतं. लोक सील बदलत राहतात. दोष कोनाचा असतो.

अशी एक ८० इंची जीप मी लिफ्टवर पाहिली आहे. पाच गिअरचा बसवण्यासाठी क्रॉस मेंबर कापून मागे सरकवला होता, आणि मागच्या शाफ्टच्या दोन योकांमध्ये (क्रॉस धरणाऱ्या टोकांमध्ये) नळीचा तुकडा वीतभरही उरला नव्हता. स्लिप योकच्या, म्हणजे शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाच्या, स्प्लाइनवर (खाचांवर) एकीकडे चमकदार घासलेला पट्टा होता आणि दुसरीकडे गंज, म्हणजे योक एकाच जागी घासत होता, त्याला मागेपुढे व्हायला जागाच नव्हती. पाटे दाबले गेले की तो धक्का सरळ ट्रान्सफर केसच्या पोटात जायचा. मालकाला पाचवा गिअर मिळाला होता, पण त्या गिअरात शाफ्ट फिरू लागला की आरशात काही दिसत नसे.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमचा पाच गिअरचा टू-व्हील गाडीतला आहे. त्याला मागे लांब शेपटीचं हाउसिंग असतं आणि तिथून सरळ मागच्या शाफ्टला जोड. ट्रान्सफर केस लावायचं तोंड त्याला नसतं. स्पायसर १८ ची रचना अशी, की गिअरबॉक्सचा मेन शाफ्टच मागे ट्रान्सफर केसच्या आत शिरतो आणि त्याच्या टोकावर ट्रान्सफर केसचा पहिला गिअर बसतो. टू-व्हीलचा मेन शाफ्ट त्यासाठी बनलेलाच नसतो. मग वर्कशॉपमध्ये उपाय सांगतात, ट्रान्सफर केस वेगळा टांगू, मध्ये छोटा शाफ्ट देऊ. १०० इंची ट्रकला तो उपाय ठीक. ८० इंचांत आधीच शाफ्टला जागा नाही, तिथे आणखी एक शाफ्ट घालणार कुठे? हा गिअरबॉक्स चांगल्या अवस्थेत असेल तर विका. टू-व्हील मालवाहू गाडीवाल्याला तो सोन्यासारखा आहे.

थारच्या इंजिनाबद्दल तुमचा मित्र ज्या उत्साहानं बोलतोय तो मला समजतो. २०१० साली आलेल्या थारचं कॉमन रेल इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. तुमच्या जीपचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन ११४ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १५५ न्यूटन-मीटर द्यायचं. दीडपटीहून जास्त ताकद चाकांपर्यंत जाणाऱ्या त्याच हाफ शाफ्टांतून, त्याच पुढच्या डाना २५ अॅक्सलमधून, त्याच ९ इंची ड्रम ब्रेकच्या भरवशावर. वर ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, वायरिंगचा गुंता. आणि त्यासोबतचा ट्रान्सफर केस लावायचा म्हणाल तर एक गोष्ट नीट बघा. तुमच्या जीपचा हँडब्रेक चाकांना नाही, तो स्पायसर १८ च्या मागच्या आउटपुटवरच्या ड्रमला आहे. ट्रान्सफर केस बदलला की हँडब्रेक गेला. जुन्या अॅक्सलच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल लावायची सोय नसते, आणि घाटात उभ्या जीपला हँडब्रेक नसणं मला तरी चालणार नाही.

त्यात भर म्हणून आउटपुटची बाजू. स्पायसर १८ चे पुढचा आणि मागचा, दोन्ही आउटपुट गिअरबॉक्सच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असतात, म्हणून मागच्या अॅक्सलचा गोळाही उजवीकडे सरकलेला असतो. नवा ट्रान्सफर केस ज्याचा मागचा आउटपुट मधोमध आहे असा घेतला, तर शाफ्ट वरून खाली तर जाणारच, शिवाय डावीकडून उजवीकडेही तिरका जाणार. दोन कोनांची बेरीज एकाच आखूड शाफ्टवर. मग मागचा अॅक्सलही बदला, मग चाकांचे बोल्ट जुळत नाहीत, मग पुढचाही बदला. एवढं केल्यावर शेडमधल्या जीपची फक्त बॉडी उरते. वडिलांची गाडी उभी करायची ठरवलीत, ती तशीच ओळखू यायला हवी.

आता एक्सडी३पीकडे या. तुम्ही इंजिन चांगलं निवडलंय. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, खालच्या फेऱ्यांत ओढणारं. त्याची ओढ मूळ पेट्रोल इंजिनापेक्षा फार वेगळ्या वर्गातली नाही, म्हणून जुना ट्रान्सफर केस आणि जुने अॅक्सल त्याच्यापुढे टिकतात. एक फरक मात्र चालवताना जाणवेल. डिझेल इंजिनात थ्रॉटलचा पडदा नसतो, त्यामुळे पाय काढला की पेट्रोलसारखी घट्ट ओढ उतारावर मिळत नाही. माळशेज उतरताना ब्रेकवर भार नको असेल तर खोल पहिला आणि खोल दुसरा गिअर हवा. गिअरबॉक्स निवडताना हायवेपेक्षा हे आधी बघा.

त्यासाठी आकडे मांडू. टी-९० चा पहिला गिअर २.८०, म्हणजे इंजिनाच्या २.८० फेऱ्यांत आउटपुटचा एक फेरा, दुसरा १.५५, तिसरा सरळ १. ट्रान्सफर केसचा लो (सावकाश चालीचा गिअर) २.४६. अॅक्सल बहुधा ५.३८ चा, म्हणजे अॅक्सलमधल्या मोठ्या गिअरला, क्राउनला, ४३ दात आणि लहान गिअरला, पिनियनला, ८. पहिला गिअर आणि लो लावल्यावर इंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ७५० च्या आयडलला जीप ताशी पावणेतीन किलोमीटरने सरकणार, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढं. चिखलातल्या शेतवाटेला पुरे, पण दगडधोंड्यांच्या उतारावर थोडं जास्तच. चार गिअरच्या बॉक्सचा पहिला ३.९ च्या आसपास निघाला, तर तोच आकडा ५१ वर जातो आणि वेग ताशी दोन किलोमीटरच्या खाली येतो. ब्रेकला पाय न लावता उतरता येईल असा वेग. अमेरिकेत याच जीपांना टी-९८ किंवा टी-१८ हे ट्रकचे चार गिअरचे बॉक्स लावतात, त्यांचा पहिला ६.३ ते ६.४ असतो आणि आकडा ८० च्या वर जातो. दगडांवर खेळायला ते उत्तमच. आपल्याकडे ते मिळवायला परदेशातून आणावे लागतील, आणि नाणेघाटाला त्यांची गरज नाही.

आता वरची बाजू. टी-९० च्या तिसऱ्या गिअरात ताशी ८० ला इंजिन ३२६० फेरे मारणार. या जुन्या डिझेलला ते तासभर ऐकवत नाही. ६० ला २४५० च्या आसपास, आणि तिथे ते खूश असतं. नारायणगावातून मंचर, राजगुरुनगर करत ६० नं पुण्याला जायला तुमची हरकत नसेल, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या ओव्हरड्राइव्ह गिअरची गरजच नाही. मला तरी हाय बोनेट जीप ८० च्या वर न्यावीशी वाटत नाही. आखूड व्हीलबेस, पाट्यांचं सस्पेन्शन, ड्रम ब्रेक, आणि त्यावर पाचवा गिअर? तो माणसाला भलत्या वेगाची हिंमत देतो.

हायवेचा वापर पुढे वाढलाच तर दोन वाटा आहेत. अॅक्सलचे क्राउन-पिनियन ५.३८ चे काढून ४.८८ चे घालायचे. मग ८० ला २९५० च्या आसपास फेरे येतात, फक्त पुढचा आणि मागचा दोन्ही बदलायला हवेत. एकच बदललात तर फोर-व्हील लावताक्षणी दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केसचे दात जातील. दुसरी वाट स्पायसर १८ च्या पाठीमागच्या पीटीओच्या तोंडाला (इतर यंत्रांसाठी ताकद काढायच्या जागेला) लागणारा ओव्हरड्राइव्ह. अमेरिकेत वॉर्न कंपनीनं तो काढला होता, पुढे सॅटर्न नावानं त्याच जातीचा मिळू लागला. २५ टक्के फेरे कमी होतात, म्हणजे ८० ला २४५०, आणि शाफ्टची लांबी एक सूतही कमी होत नाही. मागवण्याआधी मेन शाफ्टवरच्या गिअरचे दात मोजा. २६ आणि २९ अशा दोन जाती आहेत, एकीचा दुसरीला चालत नाही.

आता चार गिअरचा शोधताना काय बघायचं ते सांगतो. जुन्या एमएम ५४० मध्ये केएमटी-९० या नावानं ओळखला जाणारा चार गिअरचा यायचा. गाडी फोर-व्हीलचीच होती ना, हे गिअरबॉक्स हातात घेऊन मागचं तोंड बघून ठरवा, विकणाऱ्याच्या शब्दावर नको. शक्यतो बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच), क्लच फोर्क आणि ट्रान्सफर केससकट घ्या. बेल हाउसिंग प्यूजो घराण्याचं असेल तर अॅडाप्टर प्लेटचा खर्चही वाचतो आणि डोकेदुखीही. बोल्टची भोकं तुमच्या एक्सडी३पीवर प्रत्यक्ष टेकवून बघा.

पैसे देण्याआधी गिअरचे आकडे स्वतः काढा, प्लेटवर किंवा कुणाच्या तोंडावर जाऊ नका. बॉक्स लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, इनपुट शाफ्टवर आणि आउटपुटवर खडूनं एकेक रेघ मारा, पहिला गिअर लावा. आउटपुटचे बरोब्बर दहा फेरे होईपर्यंत इनपुटचे फेरे मोजा आणि दहानं भागा. पहिला ३.५ च्या वर आला तर मला तो हवा. ३ च्या खाली आला तर टी-९० सोडून त्याच्यामागे जाण्यात अर्थ नाही. फिरवताना एका जागी कट्ट होत असेल तर दात तुटलाय. तेल काढून चुंबक फिरवा. पिठासारखी बारीक भुकटी चालते, तुकडे चालत नाहीत.

अॅक्सलचा आकडाही असाच. हँडब्रेक सोडा, कारण तो शाफ्टलाच धरून ठेवतो, आणि म्हणून आधी इतर चाकांना दगड लावा. फोर-व्हीलचा लिव्हर टू-व्हीलवर, गिअर न्यूट्रल. मागचं एक चाक जमिनीवर, एक उचललेलं. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाच फेरे आणि वर एकतृतीयांशाहून थोडं जास्त, तर ५.३८. पाचाला जरासा कमी, तर ४.८८. पुढच्या अॅक्सललाही करा. इतक्या वर्षांत कुणी कधी काय बदललं असेल सांगता येत नाही.

आता खरं माप. नवा गिअरबॉक्स बोल्ट करण्याआधी इंजिन, बेल हाउसिंग, रिकामी गिअरबॉक्सची पेटी आणि ट्रान्सफर केस चेसिसमध्ये नुसते टांगून बघा. जीप चाकांवर, तिच्या नेहमीच्या वजनासह उभी असू द्या, आत दोन माणसं बसवा. ट्रान्सफर केसच्या योकच्या क्रॉसच्या मध्यापासून डिफरन्शिअलच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत टेप लावा. मग मोबाइलमधला कोन मोजायचा लेव्हल घेऊन ट्रान्सफर केसच्या आउटपुटचा कोन, शाफ्टच्या रेषेचा कोन आणि पिनियनचा कोन असे तीन आकडे लिहा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांच्या जवळ, एखाद्या अंशाच्या फरकात, आणि १५ च्या आत यायला हवेत. त्यानंतर चेसिसला जॅक लावून मागचं टोक चाकं लोंबेपर्यंत उचला आणि परत मोजा. दोन मापांतला फरक तुमच्या स्लिप योकला पचला पाहिजे, आणि दोन्ही टोकांना त्यावर दीडेक इंच तरी शिल्लक हवं. चार गिअरचा या परीक्षेत नापास झाला तर हट्ट सोडा. इंजिन पुढे सरकवून जागा करायचा मोह होईल. एखादा इंच ठीक आहे, त्यापुढे फॅन रेडिएटरला भिडतो आणि डिझेलचं वजन पुढच्या पाट्यांवर जातं.

मग टी-९०. तो दुसऱ्यातून सटकतो म्हणून त्याला टाकाऊ समजू नका, हा त्या बॉक्सचा जुना आणि सर्वांना माहीत असलेला आजार आहे. क्लस्टर गिअरच्या (एकाच तुकड्यातल्या अनेक गिअरांच्या) टोकाचे वॉशर झिजले की क्लस्टर मागेपुढे खेळतो, सिंक्रोच्या (गिअर लावताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) स्लीव्हचे दात गोल होतात, वरच्या झाकणातल्या स्प्रिंगा ढिल्या पडतात. उतारावर भार उलटा होतो आणि गिअर बाहेर येतो. क्लस्टर, थ्रस्ट वॉशर, दुसऱ्या-तिसऱ्याची स्लीव्ह, बेअरिंगं आणि स्प्रिंगा एकदम बदला. अर्ध्या भागांवर भागवाल तर परत उघडावं लागेल. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, तो थांबूनच लावायचा किंवा डबल क्लच करायचा, म्हणजे मध्ये न्यूट्रलवर येऊन क्लच दोनदा दाबायचा. वडील तेच करत असणार.

ट्रान्सफर केस कुठल्याही परिस्थितीत उघडा. त्यातल्या मधल्या शाफ्टच्या तीन जाडी आल्या, पाऊण इंच, सव्वा इंचाला थोडा कमी म्हणजे १ पूर्णांक १/८, आणि पूर्ण सव्वा इंच. तुमच्यात कुठली आहे ते व्हर्निअरनं बघा. सव्वा इंची असेल तर निर्धास्त राहा. बारीक असेल आणि चांगल्या अवस्थेतला सव्वा इंची केस मिळाला तर तो बदल आधी करा, गिअरबॉक्सच्याही आधी.

टी-९० ठेवायचा झाला तर एक्सडी३पीला जोडायला अॅडाप्टर प्लेट लेथवर बनवावी लागेल. इथे घाई झाली तर सगळं काम वाया जातं, म्हणून मिस्त्रींच्या शेजारी उभे राहा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या पायलट बेअरिंगमध्ये बरोबर मधोमध बसलं पाहिजे. फ्लायव्हीलवर डायल गेज लावा, त्याची सुई बेल हाउसिंगच्या, किंवा प्लेट लावली असेल तर प्लेटच्या, मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हातानं सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. सुई एकूण ०.१३ मिलिमीटरच्या आत हलली पाहिजे. जास्त हलली तर डॉवेल पिन सुधारून परत बघा. वाळूच्या कागदानं भोक मोठं करू देऊ नका. मध्य चुकलेला गिअरबॉक्स क्लच दाबूनही गिअर घेताना कुरकुरतो, पायलट बेअरिंग किंचाळतं, आणि दुसऱ्यातून सटकायचा आजार नव्या भागांनाही लागतो. दुसरं माप खोलीचं. इनपुटचं टोक बेअरिंगमध्ये पुरेसं शिरतंय आणि तळाला आदळत नाही, ही दोन्ही खात्री हवी. क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची आणि स्प्लाइन गिअरबॉक्सच्या मापाचे, अशी प्लेट क्लचवाल्याकडून बनवून मिळते.

तेलाबद्दल एवढंच, की सिंक्रोच्या पितळी रिंगांसाठी जीएल-४ घ्या. डिफरन्शिअलचं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, त्यांना स्पष्ट सांगा.

आता कागद. तुमची जीप ५० वर्षांपेक्षा जुनी आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊन तिला व्हीए मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. डिझेल इंजिन बसवलंत की ती वाट बंद होते. दुसरीकडे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलापेक्षा वेगळं इंजिन परवानगीशिवाय बसवता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत इंधनही बदलतंय. कटर-वेल्डिंगच्या आधी आरटीओकडे लेखी अर्ज करा, एक्सडी३पीच्या मूळ गाडीचे कागद आणि खरेदीची पावती जोडा, आणि उत्तरही लेखी घ्या. भंगारवाल्याकडून कागद मिळत नसतील तर ते इंजिन परत करा, कितीही चांगलं असलं तरी.

याच जागी एक सुचवावंसं वाटतं, राग मानू नका. हरिकेनचा तडकलेला ब्लॉक नक्की कुठे तडकलाय ते एखाद्या जुन्या, चांगल्या इंजिन रिबोअरवाल्याला दाखवलंत का? वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर तो शिवता येतो. हे इंजिन महिंद्रानं वर्षानुवर्षं वापरलं, दुसरा ब्लॉक मिळणंही अशक्य नाही. तसं झालं तर गिअरबॉक्सचा प्रश्नच उरत नाही, टी-९० उघडा, नीट करा, आणि व्हीए क्रमांकाला अर्ज करा. डिझेलवरच ठाम असाल तरी चेसिसला कापाकापी नको. नवे माउंट बोल्टनं बसतील असेच बनवून घ्या, म्हणजे पुढे कधी तुमच्या मुलांना मूळ इंजिन परत बसवावंसं वाटलं तर बसवता येईल. जुना ब्लॉक, त्यावरचा इंजिन नंबर आणि मूळ बेल हाउसिंग तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. भंगारात घालू नका.

कामाचा क्रम असा ठेवा. आरटीओचा अर्ज, दोन्ही अॅक्सलचे आकडे, ट्रान्सफर केस उघडून मधल्या शाफ्टचं माप, आणि मगच गिअरबॉक्सचा शोध. गिअरबॉक्स हाती आल्यावर टांगून घेतलेली चार मापं मला कळवा, म्हणजे शाफ्टची लांबी, तीन कोन, लोंबत्या चाकांवरची लांबी आणि पहिल्या गिअरचा आकडा. चारही हातात असतील तर शाफ्ट कापायला पाठवण्याआधी नेमकं काय करायचं ते मी नक्की सांगू शकेन.